मागे, डावीकडे

त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत, आणि हे नाव खरं तर त्यांच्या उजव्या पायाला मिळालं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, घाबरला किंवा समोरून येणाऱ्या बसकडे बघत नुसताच बसून राहिला, की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाईंनी तो इतकी वर्षं दाबला होता की त्या पायाला आता स्वतंत्र बुद्धी आली होती. बसमध्ये बसल्या तरी पाय चालायचा, पडद्यावर पाठलाग सुरू झाला तरी चालायचा, आणि नवरा जिन्यावरून घाईघाईने उतरायला लागला तरी चालायचा.

"अगं, मी काय गाडी आहे?" तो विचारायचा.

"गाडी परवडली," बाई म्हणायच्या. "तिला आरसे तरी असतात."

आरशांवर बाईंचा भारी जीव. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला त्या स्टिअरिंगला हातसुद्धा लावू देत नसत. आधी आरसे. समोरचं काय, शेंबड्या पोरालाही दिसतं, त्या म्हणायच्या. मागे काय चाललंय ते मान न वळवता कळायला लागलं की मग तुम्ही ड्रायव्हर. हे ऐकून नवशिके माना डोलवायचे आणि पुढच्याच वळणावर फुटपाथला चाक घासायचे.

अशा या बाईंना पोटच्या पोरीचा पत्ता लागू नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पोरगी आवाज गोळा करायची. हेच तिचं काम. सिनेमावाल्यांना, संग्रहालयांना, कुणाकुणाला हवे असलेले खऱ्या जागांचे खरे आवाज ती दऱ्याखोऱ्यांतून, दलदलीतून, बेटांवरून माइक लावून आणायची. शेजारीण विचारायची, "लेक रेकॉर्डिंग करते म्हणे. गाते का?" बाई म्हणायच्या, नाही. "मग वाजवते?" तेही नाही. "मग करते तरी काय?" त्या म्हणायच्या, "ती गप्प बसते. त्याचे पैसे मिळतात तिला." शेजारीण हसायची, बाईही हसायच्या, आणि घरात आल्यावर त्यांना ते हसू नकोसं व्हायचं.

त्यात गेल्या हिवाळ्यात ती गोष्ट घडली. लेकीने एक रेकॉर्डिंग पाठवलं. कुठल्याशा तळ्याकाठी ती कित्येक दिवस गवतात दबा धरून बसली होती आणि शेवटी हवं ते तिला मिळालं होतं. "आई, कच्चंच पाठवतेय, काही कापलेलं नाही," ती फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात एरवी नसायचा असा एक आनंद होता. "नीट ऐक हं. सवडीने ऐक."

बाईंनी ते ऐकलं. कॉम्प्युटरच्या पडद्यातच जो काही टीचभर स्पीकर असतो त्यावर, मटार सोलता सोलता. सुरुवातीला पोरगी काहीतरी पुटपुटत होती, म्हणून बाईंनी तेवढं पुढे ढकललं. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एकदम तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचराट. बाईंनी मटारांचं भांडं बाजूला ठेवलं आणि फोन लावला.

"ऐकलं गं बबडे. छान आहे. पण खरखर फार येते. मशीन एकदा दाखवून घे कुणाला तरी, बिघडलं असेल."

"ती खरखर नाही आई. ते पक्षी आहेत. उडताना."

"एवढे?"

"हो. एवढे." मग ती हसली आणि म्हणाली, "बाबांचा गुडघा कसा आहे?"

झालं. त्यानंतर एकही रेकॉर्डिंग आलं नाही. फोन यायचे, ठरल्या वेळी यायचे, पण त्यात हवापाणी, गुडघा आणि जेवलीस का, यापलीकडे काही नसायचं. भांडण झालं असतं तर बरं, ते मिटवता तरी येतं. इथे पोरगी गोड बोलत होती आणि दार लावून घेतलेलं होतं.

"तिला लागलं ते," नवरा एकदा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, मुळात कमी बोलणारा.

"तुम्हाला म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं?"

बाई त्या रात्री कूस बदलत राहिल्या. समोरच्या प्रत्येक गाडीवर नजर असलेल्या बाई, आणि त्यांनी स्वतःच्या लेकीला चाकाखाली घेतलं होतं. वर कळलंही नव्हतं.

आणि आता महिनाअखेर जवळ आली होती. महिनाअखेरीला लेक दूरच्या एका बेटावर जाणार होती. तिथे फोन लागत नाही, बोट कधीमधी जाते, आणि परत यायला अर्धं वर्ष तरी लागणार. त्याआधी हे निस्तरलं नाही, तर अर्धं वर्ष ते दार तसंच बंद राहणार, आणि इतके दिवस बंद राहिलेलं दार मग गंजतं. बाईंनी मनाशी पक्कं केलं, की ती जायच्या आत ते रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि ते ज्या तऱ्हेने ऐकायला हवं त्याच तऱ्हेने ऐकायचं. लेक मागे कधीतरी म्हणाली होती ते त्यांना आठवत होतं: "हे सगळं पाच बाजूंनी असतं आई. त्या डबड्यात नाही मावत."

फ्रिजसाठी ठेवलेले पैसे त्यांनी काढले. नवरा काही बोलला नाही. फ्रिज रात्रभर घरघरत होता, तोच काय तो बोलला.

*

स्पीकरचं दुकान ज्याचं होतं, तो एके काळी बाईंकडे गाडी शिकलेला. शिकलेला म्हणजे, शिकता शिकता त्याने बाईंच्या नाकी नऊ आणले होते. पुढे जायला पठ्ठ्या एकदम वाघ, पण रिव्हर्स टाकला की शेळी. परीक्षेत दर वेळी तिथेच आपटायचा. आता त्याचं पोट सुटलं होतं, डोक्यावरचे केस गेले होते, हाताखाली माणसं होती. पण बाई दारातून आत आलेल्या दिसताच तो ताडकन उभा राहिला.

"बाई! माझं काय चुकलं?"

"अजून तरी काही नाही. मला स्पीकर दाखव. घरच्या कॉम्प्युटरला लावायचे. चहूबाजूंनी ऐकू येतं, ते."

"गाणी ऐकायला का?"

"लेकीला ऐकायला."

त्याला ते कळलं नाही, पण बाईंना उलट प्रश्न विचारायची त्याची छाती नव्हती. त्याने समजावून सांगितलं. पुढे तीन, मागे दोन, असे पाच. आणि खालच्या घुमणाऱ्या सुरांसाठी एक वेगळा ठोकळा, तो कुठेही ठेवला तरी चालतो. माणसाने बसायचं बरोब्बर मधे. "आणि बाई, मधली जागा एकच असते. एका वेळी एकाच माणसाला सगळं नीट ऐकू येतं. बाकीच्यांना आपलं उरलंसुरलं."

"म्हणजे ड्रायव्हरची सीट," बाई म्हणाल्या.

दुकानाच्या मागच्या अंगाला ऐकायची खोली होती. भिंतींना जाड गालिचे, खाली जाड गालिचा, मधोमध एक खुर्ची. दार लागलं आणि बाहेरचा रस्ता कुणीतरी खिशात घातल्यासारखा नाहीसा झाला. बाईंना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ टिकटिकतं हेच त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"ऐकायला काय लावू?" दुकानदाराने विचारलं.

"रस्ता आहे का? गाण्यातलं मला काही कळत नाही. रस्ता कळतो."

रस्ता होता. कुठल्याशा चौकातलं रेकॉर्डिंग त्याने काढलं. पहिला संच काळा कुळकुळीत, पुढे निळे दिवे लुकलुकणारा. आवाज सुरू झाला तो असा, की बाईंच्या छातीत धडधडलं. गाड्या गेल्या, हॉर्न वाजले, खुर्चीचे पाय थरथरले.

"कसा वाटतो? सगळ्यात जास्त खपतो हा."

"दणदणीत आहे. पण तो त्या डब्यातून येतोय रे."

"मग कुठून यायला हवा बाई?"

"रस्त्यावरून."

दुकानदाराने कान खाजवला. दुसरा संच उंच, सडपातळ, चंदेरी. त्याचा रस्ता एकदम गुळगुळीत, गोड. गाड्या जणू चपला काढून चालत होत्या. बाईंना असे शिकाऊ ठाऊक होते, प्रत्येक गोष्टीला हो बाई, हो बाई म्हणणारे, आणि मनातलं कधीच न सांगणारे. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिसरा संच दाखवावा की नाही, या विचारात तो थोडा घुटमळला. साधे लाकडी ठोकळे होते ते. ना दिवा, ना चकाकी. बाईंच्या स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे दिसायला जास्त देखणे होते.

"हे काय? हे महाग?"

"बाई, डोळे मिटा. तुम्ही म्हणायचात ना, आरशात बघा, वळू नका? तसंच. वळू नका."

बाईंनी डोळे मिटले.

आणि खोली गेली. गालिचे गेले, भिंती गेल्या, दुकानदारही गेला. बाई चौकात बसल्या होत्या. उजवीकडे, जरा लांब, कुणीतरी शटर वर सरकवलं. समोरून घासत घासत कुणाच्या तरी सपाता गेल्या, आणि त्या इतक्या जवळून गेल्या की बाईंनी पाय आत घेतले. डाव्या हाताला एक पोर चेंडू आपटत होतं. चेंडू प्रत्येक वेळी त्याच एका फरशीवर पडत होता, आणि ती फरशी सैल होती, हेसुद्धा कळत होतं. आवाजाला उंची असते, लांबी असते, आवाजाच्या मागे भिंत असली तर ती भिंतही ऐकू येते, हे बाईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला डोळे तपासून घ्यायला नवऱ्याकडे धाडलं असतं. आयुष्य रस्त्यावर गेलं होतं त्यांचं. आणि रस्ता त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

मग मागून ट्रक आला. खूप लांबून, डाव्या खांद्यामागून, चढ चढत, गिअर बदलत. तो जवळ येत होता. त्याचा वेग बाईंना कळत होता, त्याचं अंतर कळत होतं, आणि तो चेंडूवाल्या पोराला बघत नाहीये हेही कळत होतं. आला, आला—

धप्प!

बाईंनी डोळे उघडले. त्यांचा उजवा पाय गालिच्यात रुतला होता आणि खुर्ची वीतभर मागे सरकली होती. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड गच्च धरली होती. ट्रक कधीच निघून गेला होता आणि पोर मजेत चेंडू आपटत होतं.

दुकानदार आ वासून पायाकडे बघत होता. त्या पायाची दहशत त्याच्या पोटात अजून होती.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मी तर गाडी चालवतही नव्हतो."

"परत लाव," बाई म्हणाल्या. "या वेळी मी पाय धरून ठेवते."

त्याने परत लावलं. कुठे काय होणार, बाईंना आता ठाऊक होतं. तरी ट्रक आला आणि पाय खाली गेलाच. मग त्यांनी निळ्या दिव्यांचा संच पुन्हा लावायला सांगितला. तोच ट्रक, दुप्पट आवाजात, गर्जत गेला. पाय ढिम्म. चंदेरी संचालाही ढिम्म. बाई किती तरी वेळ नुसत्या त्या लाकडी ठोकळ्यांकडे बघत राहिल्या. माणसाला फसवता येतं, बाईंना तर नक्कीच येतं, ते मटारांच्या वेळी सिद्ध झालंच होतं. पण हा पाय आजवर कुणाला फसला नव्हता.

"हेच," त्या म्हणाल्या.

किंमत ऐकून त्यांनी एकदा डोळे मिटले, पण ते थोडाच वेळ. दुकानदाराने स्वतः घरी येऊन जोडून द्यायची तयारी दाखवली.

"काही नको. वायर खुपसायला कसली आलीय विद्या? गाडीचा फ्यूज बदलते मी."

"तसं नाही बाई. मागचे दोन तेवढे जपून लावा. सगळे तिथेच चुकतात."

"मागे जाताना चुकणारा तू होतास," बाई म्हणाल्या आणि ऐटीत निघाल्या.

*

कॉम्प्युटर लेकीच्या जुन्या खोलीत होता, भिंतीला चिकटून. आता मधोमध बसायचं म्हणजे खोली उलथीपालथी करणं आलं. नवरा दुकानातून आला तेव्हा कपाट दारात अडकलेलं, पलंग उभा, आणि बाई टेबलाखाली.

"एवढे ठोकळे कशाला?" त्याने विचारलं.

"धरा ते टोक."

टेबल पुढे ओढलं, खुर्ची खोलीच्या मध्यावर आली. पुढचे तीन स्पीकर पडद्याच्या आजूबाजूला बसले. मागच्या दोघांपैकी एक स्टुलावर, दुसरा लेकीच्या जुन्या पुस्तकांच्या चळतीवर. बाई मागे वळल्या, दोन्ही स्पीकर समोर ठेवून नीट बघितले, डावीकडची वायर डाव्या हाताच्या स्पीकरला, उजवीकडची उजव्या, असं पद्धतशीर जोडलं आणि हात झटकले. नवऱ्याला चहा ठेवायला पाठवलं. मधली जागा एकच होती, आणि आज ती त्यांची होती.

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. या वेळी अगदी सुरुवातीपासून.

आधी नुसती हवा ऐकू आली. मोकळी, गार, पहाटेची. हवा ऐकू येते यावरच बाई थबकल्या. मग लेकीचा आवाज आला, कुजबुजता, पक्ष्यांना जाग येऊ नये अशा बेताने.

"समोर, डावीकडे."

आवाज समोरून डावीकडूनच आला. चिखलात बूट पचकला. पचक, पचक.

"समोर, मधोमध."

पोरगी पडद्याच्या जागी उभी होती. बाईंनी नकळत हात पुढे केला आणि मग स्वतःचं स्वतःलाच कसंतरी वाटून मागे घेतला. हे काय चाललंय, ते त्यांना आता उमगलं. काम सुरू करण्याआधी ती माइकभोवती एक फेरी मारत होती, आणि प्रत्येक जागी उभी राहून आपण कुठे आहोत ते सांगत होती, म्हणजे पुढे ऐकणाऱ्याला कुठली बाजू कुठली ते पडताळता यावं. त्यांच्याकडे आरसे लावायचे, तसंच हे. आधी आरसे. पोरगी ते न चुकता करत होती, आणि बाईंनी तेवढंच नेमकं बडबड म्हणून पुढे ढकललं होतं.

"समोर, उजवीकडे." पचक, पचक. "मागे, उजवीकडे."

आणि हा आवाज बाईंच्या डाव्या खांद्यामागून आला.

"घ्या!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "एवढी घोडी झाली तरी डावं-उजवं कळत नाही!"

नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. "कुणाला?"

"तुमच्या लेकीला. उजवीकडे म्हणते आणि येते डावीकडून."

नवऱ्याने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा पुस्तकांकडे. "वायरी लावताना," तो सावकाश म्हणाला, "तुझं तोंड कुठे होतं?"

बाईंनी जीभ चावली. रिव्हर्स घेताना वळून मागे बघायचं आणि डाव्याचं उजवं करायचं, ही शिकाऊ माणसाची पहिली चूक. हिच्यासाठी त्यांनी लोकांना किती बोल लावले होते, त्या दुकानदाराला तर रडवलं होतं. आणि लेकीला चूक ठरवायला पुन्हा एक क्षणही लागला नव्हता. आधी तिचं मशीन बिघडलेलं, आता तिचं डोकं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी वायरी बदलल्या. कप घेऊन नवरा तसाच मागे गेला.

पुन्हा सुरुवात. समोर डावीकडे. मधोमध. समोर उजवीकडे. आता पावलं बाईंच्या कानाशेजारून वळसा घेऊन पाठीमागे गेली. एका बुटाचा आवाज पचक होता, आणि दुसऱ्याचा जरा जड, आतून बुडबुडल्यासारखा.

"मागे, उजवीकडे."

या वेळी आवाज बाईंच्या उजव्या खांद्यामागून आला.

"मागे, डावीकडे. आता मी इथेच थांबते."

आणि ती थांबली. गवत सळसळलं, ती खाली बसली असावी. मग ती काहीच बोलली नाही. पण ती तिथे होती. आजवर वर्तुळात फिरणाऱ्या गाड्या बाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. स्वतःभोवती लेकीने फेरी मारून आपल्या पाठीशी बसावं, हे त्यांच्या बाबतीत ती रांगत होती तेव्हानंतर झालं नव्हतं.

पाणी काठाला लागत होतं. लव्हाळ्याचं एकेक पातं एकमेकावर घासत होतं. मग समोर, खूप दूर, एक पक्षी बोलला. त्याला उजवीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. मग तिसरा, मग पाच-सात, मग मोजणं हाताबाहेर गेलं. तळं जागं होत होतं. बाईंना तळ्याचा पलीकडचा काठ कळला. पाण्यावर पक्षी कुठवर पसरलेत ते कळलं. डावीकडे पार नजर संपेल तिथपर्यंत, फक्त नजर इथे कामाचीच नव्हती. एवढी मोठी जागा या खोलीत मावलीच कशी, ते त्यांना कळेना. पडद्यावर काही नव्हतं. खोलीत उभा केलेला पलंग होता आणि खिडकीला जुना पडदा होता. आणि त्या खोलीत तळं होतं.

मग एका क्षणी सगळे गप्प झाले. अगदी सगळे.

आणि उठले.

तो आवाज कसा होता ते बाईंना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याला त्या खरखर म्हणाल्या होत्या, चरचराट समजल्या होत्या. आता एकेक पंख वेगळा होता. हजारो पंख पाण्यावर आपटत, निथळत, वर चढत समोरून त्यांच्याकडे येत होते, आणि त्या आवाजाला वजन होतं, वारा होता. तो खोलीच्या छताला भिडला आणि छत राहिलं नाही. डोक्यावरून पक्षी जात होते. जातच होते. पायाखालून त्या घुमणाऱ्या ठोकळ्यातून जमिनीचं हलणं येत होतं. एवढं काही अंगावर धावून येत असताना बाईंचा उजवा पाय, जो कशावरही विश्वास ठेवत नसे, जागचा हलला नाही. तो नुसता जमिनीवर पडून राहिला. येऊ दे म्हणाला जणू. बाई मान वर करून, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारख्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: हे असं असतं? हे तिथे रोज होतं, आणि कुणाला माहीतही नसतं?

पक्षी डोक्यावरून मागे गेले. मागून दूर गेले. तळं रिकामं झालं. पाण्याचा हेलकावा हळूहळू शांत होत गेला.

आणि त्या शांततेत मागून, डावीकडून, एक बारीकसा आवाज आला. कुणीतरी नाक ओढलं होतं. मग एक श्वास आला, घेताना मधेच थरथरलेला. तो स्पीकर होता त्याहून जवळ होता, अगदी खांद्याशी.

नवरा चहा गार होतोय म्हणून पुन्हा आत आला होता. खुर्चीमागे, पुस्तकांच्या चळतीपाशी येऊन तो उभा राहिला, आणि तो श्वास पुसट झाला.

"अहो," बाई मान न वळवता म्हणाल्या, "जरा सरका. तिथे ती बसलीय."

नवरा बाजूला झाला. पुढे बाई उठल्या, त्याला हात धरून खुर्चीत बसवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पक्षी जाईपर्यंत तो हातातला कप तसाच धरून बसला होता. नंतर म्हणाला, "आमच्याकडे पहिला चष्मा लागलेली माणसं येतात ना, ती दुकानाच्या दारात उभी राहून समोरच्या झाडाकडे बघतात. पानं दिसतात त्यांना. काही बोलत नाहीत." एका दमात एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. मग डोळे पुसायला त्याने स्वतःचा चष्मा काढला.

*

बाईंनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. छान आहे, एवढंच तोंडात येत होतं, आणि छान आहे तर त्या तेव्हाही म्हणाल्या होत्या. शेवटी नंबर लावला.

"जेवलीस का आई?" लेक म्हणाली. मागे बॅगांच्या चेनी ओढल्याचे आवाज येत होते.

"तुझे पक्षी ऐकले."

चेन थांबली. "परत? कशाला गं? खरखर आहे नुसती." ती हसून म्हणाली, पण ते हसू बाईंनी ओळखलं. शेजारणीशी बोलताना त्या स्वतः तेच हसत असत.

"तू मागे होतीस," बाई म्हणाल्या. "डावीकडे. सगळा वेळ तिथेच होतीस."

पलीकडे बॅग बाजूला सरकली.

"तुझ्या एका बुटात पाणी गेलं होतं. चालताना कळत होतं. तशीच बसलीस ना ओल्या पायाने, एवढ्या थंडीत?"

"आई, तू कशावर ऐकलंस?"

"ते राहू दे. पक्षी गेल्यावर तू नाक ओढलंस. आधी मला वाटलं, झाली सर्दी, ओल्या बुटात बसल्यावर दुसरं काय होणार."

फोनमधून एक श्वास आला. घेताना मधेच थरथरणारा. बाईंना तो आता पाठ होता.

"सर्दी नव्हती आई," लेक म्हणाली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "मलाही झालेली नाही."

पलीकडे कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला. चेन पुन्हा ओढली गेली नाही.

"माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत," लेक हळूच म्हणाली. "तुला पाठवले नव्हते मी. एक बर्फाचं आहे, एक गुहेतलं आहे. पाठवू? सुरुवातीची माझी बडबड कापून पाठवते."

"सगळे पाठव," बाई म्हणाल्या. "आणि बबडे, बडबड कापू नकोस."